‘कोच हटाव’ म्हणण्याआधी



आजचा विषय फुटबॉलचा आहे. पण ज्यांनी आयुष्यात एकही सामना पूर्ण पाहिला नाही, त्यांनीही थांबावं अशी विनंती आहे, कारण हा प्रश्न घराघरातला आहे. एका माणसाने काम करून दाखवलं, आपण त्याला डोक्यावर घेतलं. मग त्याच माणसाच्या हातून सगळं बिघडू लागलं. अशा वेळी ‘ह्याला घालवा’ अशी आरोळी आपण ठोकावी का? फुटबॉलच्या भाषेत विचारायचं तर, ज्या कोचने कधीकाळी करंडक आणून दिला, त्याच्या हकालपट्टीची मागणी चाहत्यांनी करावी का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. खेळ वाईट असेल तर जरूर ओरडावं, पण निकाल वाईट लागतायत एवढ्या कारणावरून कोचचं डोकं मागू नये. त्याने कोचवर उपकार होतात म्हणून नव्हे. ती मागणी करून आपण आपलंच नुकसान करून घेतो म्हणून.

मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठांचा आणि तालमींचा खेळ. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं ऐकली की कोल्हापूरकराचे कान टवकारतात. शाहू स्टेडियमवर लोक ज्या जोशाने येतात तो पाहिल्याशिवाय कळायचा नाही. नोकरीसाठी बेंगळुरूला आलो तेव्हा हे सगळं मागे राहिलं. या शहरात मला पहिल्यांदा ‘आपलं’ वाटलेलं ठिकाण म्हणजे कंठीरवा स्टेडियमचा पश्चिमेकडचा स्टँड. तिथे ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ म्हणवणारे बेंगळुरू एफसीचे चाहते उभे राहून गातात. शेजारचा कानडी असतो, मागचा मल्याळी, पुढचा बंगाली. माझी कानडी अजून रिक्षापुरतीच आहे, पण गोल झाला की मिठी मारायला भाषा लागत नाही. म्हणून या स्टँडमधून काय ओरडलं जातं, हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा प्रश्न आहे.

आता क्लबचा थोडा इतिहास. जेएसडब्ल्यू समूहाने २०१३ साली बेंगळुरू एफसी सुरू केला. पहिला कोच इंग्लंडचा अ‍ॅशली वेस्टवुड. पहिल्याच मोसमात, २०१३-१४ मध्ये, क्लबने आय-लीग जिंकली. पुढच्या मोसमात फेडरेशन कप, आणि २०१५-१६ मध्ये पुन्हा आय-लीग. त्याच्यानंतर स्पेनचा अल्बर्ट रोका आला आणि २०१६ साली संघ एएफसी कपच्या अंतिम फेरीत पोचला. तिथवर जाणारा हा पहिला भारतीय क्लब. रोकाचा मदतनीस होता कार्लेस क्वाद्रात. २०१८ मध्ये रोका गेला आणि क्वाद्रात मुख्य कोच झाला. म्हणजे माणूस बदलला, पण घडी तीच राहिली. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

क्वाद्रातच्या पहिल्याच मोसमात, २०१८-१९ मध्ये, बेंगळुरूने साखळीत पहिला क्रमांक मिळवला आणि इंडियन सुपर लीगचा अंतिम सामनाही जिंकला. एकाच मोसमात हे दोन्ही करणारा तो पहिला संघ. १७ मार्च २०१९, मुंबई, समोर एफसी गोवा. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत, सामना पेनल्टीकडे चाललेला असताना, कॉर्नरवर आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. १-०. त्या रात्री क्वाद्रातविरुद्ध एक शब्द बोलायची कुणाची हिंमत झाली नसती.

पुढे पावणेदोन वर्षं झाली. २०२०-२१ चा मोसम कोविडमुळे सगळाच्या सगळा गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवला गेला. बेंगळुरूने ओळीने तीन सामने गमावले. तिसरा ५ जानेवारी २०२१ रोजी, मुंबई सिटीकडून ३-१. दुसऱ्या दिवशी क्लबने जाहीर केलं की क्वाद्रात आणि क्लब परस्पर संमतीने वेगळे होत आहेत. भारतातला लीगचा मोसम इंग्लंडसारखा अडतीस सामन्यांचा नाही, त्या वर्षी तो वीस सामन्यांचा होता. त्यात तीन पराभव म्हणजे आभाळच कोसळल्यासारखं वाटतं.

मग काय झालं? उरलेल्या मोसमासाठी नौशाद मूसा यांनी संघ सांभाळला. बेंगळुरू सातवा आला आणि आयएसएलमध्ये पहिल्यांदाच प्लेऑफबाहेर राहिला. पुढच्या मोसमात जर्मनीहून मार्को पेत्सायुओली आला. संघ सहावा, पुन्हा बाहेर. इकडे क्वाद्रात २०२३ मध्ये ईस्ट बंगालला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये सुपर कप जिंकून त्याने त्या क्लबचा राष्ट्रीय करंडकांचा बारा वर्षांचा दुष्काळ संपवला. कोलकात्याने त्याला खांद्यावर घेतलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ईस्ट बंगालने लीगचे पहिले तीन सामने गमावले, नाराजी उसळली आणि क्वाद्रातने राजीनामा दिला. त्या तीन पराभवांतला पहिला कुठे झाला? आमच्याच कंठीरवावर.

आता दुसरी गोष्ट ऐका. ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण इथे एकाच कोचच्या बाबतीत दोन वेळा संकट आलं आणि क्लब दोन वेळा वेगवेगळा वागला.

२०२२ मध्ये इंग्लंडचा सायमन ग्रेसन आला. सप्टेंबरात संघाने ड्युरँड कप जिंकला, अंतिम सामन्यात मुंबई सिटीला २-१ हरवून. पण लीग सुरू झाल्यावर पराभवांची रांग लागली. डिसेंबरपर्यंत संघ तक्त्याच्या खालच्या भागात. स्टँडमध्ये आणि मोबाइलवरच्या गटांत ‘कोच बदला’ हा सूर मी स्वतः ऐकत होतो. क्लबने कोच बदलला नाही. त्यानंतर साखळीतले शेवटचे आठही सामने बेंगळुरूने जिंकले. चौथा क्रमांक मिळाला. उपांत्य फेरीत मुंबई सिटीला पेनल्टीवर ९-८ असं हरवलं. अंतिम सामना एटीके मोहन बागानकडून गेला, तोही पेनल्टीवरच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात रॉय कृष्णा ओडिशाला गेला. संदेश झिंगन आणि उदांता सिंग गोव्याला गेले. प्रबीर दास केरळला गेला. मोसमाच्या सुरुवातीला सुनील छेत्री आशियाई खेळांसाठी चीनमध्ये होता. नऊ सामन्यांत एकच विजय मिळाला. ८ डिसेंबर २०२३ ला कंठीरवावर मुंबई सिटीने ४-० असा धुव्वा उडवला आणि दुसऱ्या दिवशी ग्रेसनला निरोप मिळाला. त्याच महिन्यात स्पेनचा जेरार्ड सारागोसा आला. संघ वर आला का? नाही. बारा संघांत दहावा राहिला.

हिशोब करा. जानेवारी २०२१ ते डिसेंबर २०२३, तीन वर्षंही पुरती नाहीत. क्वाद्रात, मूसा, पेत्सायुओली, ग्रेसन, सारागोसा. एका खुर्चीवर पाच माणसं. आणि त्याआधीची साडेचार वर्षं, रोका आणि त्याचाच मदतनीस क्वाद्रात. करंडक कुठल्या काळात जास्त आले, ते तुम्हीच बघा.

आता तुम्ही म्हणाल, सारागोसाने पुढच्या मोसमात, २०२४-२५ मध्ये, संघाला अंतिम फेरीत नेलंच की. म्हणजे कोच बदलल्याचा फायदा झाला. आक्षेप रास्त आहे. पण तो फायदा केव्हा झाला ते पाहा. डिसेंबरात कोच बदलला तेव्हा तक्त्यावर काही हललं नाही. हललं ते उन्हाळ्यानंतर. नव्या कोचला मोसमापूर्वीची पूर्ण तयारी मिळाली. मुंबई सिटीहून नोगेरा आणि परेरा दियाझ आले. राहुल भेके परत आला. तोच सारागोसा, पण हाताशी वेगळी माणसं आणि वेगळा वेळ.

लग्नघरातलं उदाहरण घ्या. पंगत बसलीय, आमटी पाणचट झालीय. पाहुणे म्हणतात, आचारी बदला. पण आचाऱ्याला डाळ किती दिली होती? तीनशे पानांची डाळ पाचशे पानांना पुरवायला सांगितली होती का? किराणा भरणारा वेगळा, रांधणारा वेगळा. पाहुण्याला फक्त रांधणारा दिसतो, कारण कढईपाशी तोच उभा असतो. फुटबॉलमध्येही बाजूच्या रेषेवर हातवारे करताना कोच दिसतो. उन्हाळ्यात कोणता खेळाडू सोडायचा, कोणाला किती पैसे द्यायचे, हे ठरवणारी माणसं आपल्याला दिसत नाहीत. जो दिसतो त्याच्यावर राग निघतो.

दुसरी गोष्ट, घसरणीचा स्वभाव. संघ खूप खाली घसरला की त्यानंतर तो बहुतेक वेळा थोडा वर येतोच, कारण घसरणीत थोडा भाग कामगिरीचा असतो आणि थोडा नशिबाचा. खांबाला लागलेला चेंडू, एखादा चुकीचा निर्णय, एखादी दुखापत. नशीब कायम एकाच बाजूला बसत नाही. तापात तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय नव्या डॉक्टरला मिळतं. ताप उतरणारच होता.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञाने नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले मोसम तपासले. कोच काढल्यावर संघ सुधारले का? सुधारले. पण त्याने तुलनेला असे संघही घेतले, जे तितकेच घसरले होते आणि ज्यांनी कोच काढला नव्हता. तेही जवळजवळ तसेच सावरले. २०२२-२३ चा ग्रेसनचा बेंगळुरू संघ हा अशा सावरण्याचा आमच्या डोळ्यांदेखतचा नमुना.

उलट उदाहरणं नाहीत असं मी म्हणणार नाही. क्लाउदिओ रानिएरीने २०१६ मध्ये लेस्टर सिटीला इंग्लंडचं विजेतेपद मिळवून दिलं. हंगामापूर्वी सट्टेवाल्यांनी त्यावर एकास पाच हजार भाव दिला होता. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्याला काढलं. त्याचा मदतनीस क्रेग शेक्सपियर आला, संघ लगेच जिंकू लागला आणि बाराव्या क्रमांकावर सुखरूप राहिला. म्हणजे कधीकधी बदल लागू पडतो. पण त्याच शेक्सपियरला ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलं, हेही त्याच गोष्टीचं पुढचं पान आहे. एकदा डोकं मागायची सवय लागली की ती एका डोक्यावर थांबत नाही.

आता चाहत्याच्या बाजूने बोलतो, कारण मीही तिथलाच आहे. चाहत्याचा राग खोटा नसतो. मालक क्लब विकू शकतो, खेळाडू दुसरीकडे जातो, कोचला दुसरी नोकरी मिळते. चाहता कुठे जाणार? राहुल भेके मुंबई सिटीला गेला म्हणून मी मुंबई सिटीचा होत नाही. क्लबमध्ये सर्वांत जास्त टिकणारा माणूस चाहताच, आणि निर्णयात ज्याला काहीच स्थान नाही असाही तोच. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये सभासदांच्या हाती बहुमत असतं. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालला सभासद आहेत, निवडणुका होतात. आमच्याकडे बेंगळुरूत तसं काही नाही. तिकीट घ्या, गा, घरी जा. ज्याला मत देता येत नाही, तो ‘कोच हटाव’ या आरोळीलाच आपलं मत समजतो.

आणि इथेच आपण फसतो. ही आरोळी मालकाला सोयीची असते. कोच काढायला एक पत्रक पुरतं. संध्याकाळपर्यंत राग शांत होतो, नव्या माणसाच्या नावाची चर्चा सुरू होते आणि उन्हाळ्यात कोणाला का सोडलं हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपण ज्याला दबाव म्हणतो, त्याने दबाव कमीच होतो.

केरळच्या चाहत्यांनी हे ओळखलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये केरळा ब्लास्टर्सची कामगिरी ढासळली तेव्हा ‘मंजप्पडा’ या चाहत्यांच्या संघटनेने निषेधाचा रोख थेट व्यवस्थापनावर ठेवला आणि तिकिटांवर बहिष्काराची भाषा केली. काही दिवसांत क्लबने काय केलं? स्वीडनचा कोच मिकाएल स्टारे याला काढलं. प्रश्न व्यवस्थापनाला विचारला होता, उत्तरात कोचचं डोकं मिळालं. तरीही माझ्या मते प्रश्न बरोबर पत्त्यावर गेला होता, आणि उत्तर टाळलं गेलं हे सगळ्यांना दिसलं, हेही काही कमी नाही.

मग कोचला कधीच जा म्हणू नये का? म्हणावं, पण कारण बघून. कोच खेळाडूंना अपमानास्पद वागवत असेल, पोरांच्या दुखापती लपवून त्यांना खेळवत असेल, क्लबच्या नावाला बट्टा लागेल असं वागत असेल, तर पहिल्याच दिवशी म्हणावं. तिथे करंडकांची पूर्वपुण्याई कामाची नाही. आणि हाताशी पुरेशी माणसं, पुरेसा वेळ मिळूनही वर्षभर खेळात काहीच सुधारणा दिसली नाही, तर मोसम संपल्यावर ‘आता दुसरा बघा’ असं शांतपणे सांगावं. मोसमाच्या मध्यावर, तीन पराभवांच्या रागात नव्हे.

पूर्वपुण्याई हा शब्द आला म्हणून सांगतो. जुन्या यशाने कोचला अभय मिळत नाही, मिळू नये. पण त्या यशाने एक गोष्ट सिद्ध झालेली असते: या माणसाला हे काम येतं. येणारं काम अचानक येईनासं झालं, तर आधी विचारायचं की बाकी काय बदललं. नवख्या कोचच्या बाबतीत ‘याला जमतच नसेल’ ही शंका घेता येते. करंडक आणलेल्याच्या बाबतीत ती शंका शेवटची असावी, पहिली नव्हे.

मग स्टँडमधून मागायचं काय? माझे चार प्रश्न आहेत. चाहत्यांच्या गटाने ते लेखी, सभ्य भाषेत आणि जाहीरपणे क्लबला विचारावेत. एक, या वर्षी कोणते खेळाडू घ्यायचे आणि सोडायचे हे कोणी ठरवलं, त्यात कोचचं किती चाललं? दोन, या मोसमाचं उद्दिष्ट काय होतं, करंडक की नव्या पोरांची बांधणी? तीन, कोच बदलणार असाल तर त्याच्या जागी कोण, आणि त्याला काय वेगळं देणार? चार, मागच्या वेळी बदलला तेव्हा काय अपेक्षा होती आणि ती पुरी झाली का? चौथा प्रश्न दर वेळी विचारावा, कारण तो कोणालाच आवडत नाही.

आणि सामन्यात? सामन्यात मनसोक्त ओरडा. पास चुकला, बदली खेळाडू उशिरा उतरवला, बचाव झोपला, बोंब मारा. त्यासाठीच तिकीट काढलंय. फक्त खेळावर बोला, माणसाच्या पोटावर बोलू नका. कोल्हापुरात तालमीचा कोच दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर भेटतो. त्यामुळे जे तोंडावर बोलता येईल तेवढंच आदल्या दिवशी बोललं जातं, थोडं जास्तच बोललं जातं म्हणा. परदेशातून आलेला कोच आपल्याला टपरीवर भेटत नाही. म्हणून लगाम आपणच लावायचा.

पुढच्या वेळी तुमचा संघ ओळीने तीन सामने हरला आणि शेजारचा म्हणाला, ‘चल, घोषणा देऊया,’ तर त्याला एवढंच विचारा: उन्हाळ्यात कोण कोण गेलं, सांग बघू. त्याला सांगता आलं तर दोघं मिळून क्लबला पत्र लिहा. नाही आलं, तर उरलेली मिनिटं गाणं म्हणा. संघाला तेवढ्या वेळात आपल्याकडून तीच मदत होऊ शकते.